पाच सह्या आणि दोघांची बोट

सत्तावीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवणाऱ्या माणसावर स्वतः अर्ज करायची वेळ आली की काय होतं, हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी त्रुटीसाहेबांच्या नौकाविहाराची हकीकत ऐकावी. त्रुटीसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. आईवडिलांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते आता पगारपत्रकाबाहेर कुठे उरलेलं नाही. कचेरीत आवक-जावक विभागाच्या खिडकीमागे ते बसत. त्या खिडकीतून आत आलेला कागद जसाच्या तसा पुढे गेलाय, असं एकदाही घडलं नव्हतं. समास अरुंद आहे, तारीख उजवीकडे हवी ती डावीकडे आहे, सही आहे पण सहीखाली नाव नाही. मग साहेब लाल पेनाचं टोपण काढत आणि कोपऱ्यात लिहीत, ‘त्रुटीपूर्तता करून पुन्हा सादर करावे.’ अक्षर इतकं देखणं की काही लोकांनी ते परत आलेले अर्ज जपून ठेवलेत, असं साहेब स्वतःच सांगत. लोकांनी ते कशासाठी जपून ठेवले असतील, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता.

त्यांची बायको शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. वीस वर्षं ती एक काचेची बरणी पुसत होती. बरणीत औषधी पाण्यात बुडवलेला एक मासा होता. तो वीस वर्षं एकाच दिशेला बघत होता. लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण व्हायच्या महिनाभर आधी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “अहो, मला एकदा हलणारा मासा बघायचाय.”

साहेबांना वाटलं, बाजारात जायचंय.

“बाजारातला नव्हे. समुद्रातला. संध्याकाळी बोट घेऊन जातात, खडकापाशी थांबतात, तोंडाला मास्क आणि नळी लावून पाण्यात डोकावायचं. मग सूर्यास्त बघत परत. सगळी बोट आपल्यालाच मिळते.” आणि मग भाजीवरची नजर न उचलता ती म्हणाली, “आपण दोघंच जाऊ. तिसरं माणूस नको. मला दुसरं काही नको या वर्षी.”

या मागणीत हट्ट काही नव्हता. लग्न होऊन ती आली तेव्हा दोन खोल्यांत सासू, सासरे आणि दोन दीर होते. दीर मार्गी लागले तोवर मुलं झाली. मुलं शिकायला बाहेर पडली तर तिची स्वतःची आई आलटूनपालटून दोन्ही लेकींकडे राहायला येऊ लागली. पंचवीस वर्षांत नवराबायकोने दोघांनीच मिळून काही केलं असेल तर ती भांडणं, आणि तीसुद्धा बाहेरच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून कुजबुजत. साहेबांना हे कळत होतं. ते मनाने वाईट नव्हतेच. ते लगेच “जाऊ की” म्हणाले, आणि तिने त्याच दिवशी फोन करून महिनाभरानंतरच्या, लग्नाच्या वाढदिवसाच्या शनिवारची बोट ठरवूनही टाकली. बोट एका बाईंची होती. “शनिवारी साडेचारला धक्क्यावर या,” एवढंच त्या म्हणाल्या.

“एवढंच?” साहेबांनी फोन हातात घेतला. “फॉर्म वगैरे?”

“कसला फॉर्म?”

“कागदपत्रं काय काय आणायची?”

“माणसं या म्हणजे झालं,” बोटवाल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवशी साहेबांना जेवण गेलं नाही. जिथे फॉर्म नाही तिथे जबाबदारी कोणाची? उद्या माणूस बुडाला तर तो कुठल्या नोंदीनुसार बुडाला असं धरायचं? बायको म्हणाली, “त्या बाई रोज माणसं नेतात.” साहेब म्हणाले, “रोज नियमभंग होतो म्हणून तो नियम होत नाही,” आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते बंदर कार्यालयात गेले. इथेच सगळं फिसकटलं, पण तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

बंदर कार्यालयात एक पंखा आणि एक कारकून असे दोघंच होते, आणि दोघंही सारख्याच वेगाने चालत होते. साहेबांनी नौकाविहाराचा फॉर्म मागितला. कारकुनाने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. वीस वर्षांत त्या खिडकीवर येऊन कोणी आपण होऊन फॉर्म मागितला नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं. तो आतल्या खोलीत गेला, कपाटं उघडल्या-मिटल्याचे आवाज झाले, आणि धूळ फुंकत तो चार पानी पिवळा फॉर्म घेऊन बाहेर आला. वरचा इंचभर भाग वाळवीने खाल्ला होता. त्यामुळे शीर्षक दिसत नव्हतं, पण रकाने शाबूत होते. साहेबांनी तिथेच उभं राहून वाचलं. पोहता येत असल्याबद्दल दुसऱ्या पोहणाऱ्या इसमाची हमी, शारीरिक पात्रतेचा दाखला, रहिवासाचा दाखला, कामाच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र, आणि शेवटी बंदर कार्यालयाची सही. पाच सह्या. साहेबांच्या चेहऱ्यावर त्या फोननंतर प्रथमच समाधान पसरलं. चौथ्या पानाच्या तळाशी आणखी एक बारकासा रकाना होता. तो त्यांनी ‘लागू नाही’ असं झोकात लिहून जागच्या जागी निकालात काढला.

पहिली सही पोहणाऱ्या इसमाची. साहेबांच्या ओळखीत पोहणारा इसम एकच, त्यांचा साडू. या माणसाबद्दल साहेबांचं मत लिहिण्यासारखं नाही. तो पोहायचा, गाडी चालवायचा, परदेशातून आलेली अत्तरं लावायचा आणि साहेबांना ‘साडूभाऊ’ म्हणून पाठीत थाप मारायचा. थाप नेहमी जरा जास्तच जोरात बसायची.

“सही काय, दहा करतो!” साडू म्हणाला. “पण हमी दिली म्हणजे मला बरोबर यायला हवं. तुम्ही बुडालात तर कोर्टात मी उभा राहायचा? आणि मी येणार म्हणजे ही येणारच. आणि आईंना घरात एकटं कसं ठेवायचं?”

असे एका सहीत तिघं आले. साहेबांनी घरी येऊन बायकोला सांगितलं. त्यांची मेहुणी म्हणजे तिची सख्खी बहीण, सासूबाई म्हणजे तिची सख्खी आई, तेव्हा तिला आनंदच होईल असा त्यांचा हिशेब होता.

“बरं,” ती म्हणाली.

शारीरिक पात्रतेसाठी तळमजल्यावरच्या दंतवैद्यांना गाठलं. साहेबांनी चाचरतच विचारलं की दातांच्या डॉक्टरचा दाखला चालेल का. दंतवैद्य दुखावले. “नळी माणूस कशाने धरतो? दातांनी! हृदयाने धरतो का? या बाबतीत माझ्याइतका अधिकारी माणूस तुम्हाला मिळणार नाही.” त्यांनी साहेबांना खुर्चीत आडवं केलं, दिवा लावला आणि तोंडात आरसा घालून दहा मिनिटं हळहळ व्यक्त केली. पुढच्या एका दाताची टोपी सैल निघाली. “पाण्यात नळी घट्ट धरायची. बोलायचं नाही, हसायचं नाही. टोपी गेली तर मी जबाबदार नाही. तसं मी जवळ असलो तर बरं.” म्हणजे तेही आले.

“बरं,” बायको म्हणाली.

रहिवासाचा दाखला सोसायटीच्या अध्यक्षांनी द्यायचा. त्यांनी तो हातोहात दिला असता तर ते अध्यक्ष कसले! त्यांनी कार्यकारिणी बोलावली. एक सभासद समुद्रावर जातो तेव्हा तो काही तासांपुरता सोसायटीचा रहिवासी राहतो की नाही, यावर दीड तास चर्चा झाली. जिन्यात साहेबांना गाठून लोक सल्ले देऊ लागले. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, रिकाम्या पोटी जा. चौथ्या मजल्यावरचे म्हणाले, भरपेट जा, रिकाम्या पोटीच उलट्या होतात. समोरच्या बाईंनी खिशात लिंबू ठेवायला सांगितलं, आणि खालच्या आजोबांनी, ज्यांनी आयुष्यात तळंसुद्धा पाहिलं नव्हतं, मासे चष्म्याच्या काचेवर चोच मारतात अशी खात्रीची बातमी दिली. शेवटी दाखला मिळाला, पण ठरावाला जोडून. सभासदाच्या सुरक्षिततेची पाहणी करण्यासाठी अध्यक्षांनी जातीने हजर राहावं, असा तो ठराव होता. अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी जातीने हजर राहावं असं ठरावात नव्हतं, पण ते त्यांना कोण सांगणार?

“बरं,” बायको म्हणाली. या वेळी ती भांडी जरा जोरात विसळत होती. साहेबांना वाटलं, ती उत्साहात आहे.

कचेरीतल्या मोठ्या साहेबांचं ना-हरकत पत्र मिळायला मात्र अजिबात वेळ लागला नाही. मोठे साहेब न वाचता सही करत. सही करून झाल्यावर त्यांनी नुसतं विचारलं, “किती वाजता निघायचं?” ही चौथी सही.

दरम्यान साहेबांनी सराव सुरू केला होता. साडूकडून मास्क आणि नळी आणली होती. न्हाणीघरात बादली भरायची, स्टुलावर बसायचं, मास्क चढवायचा, नळी दातांत धरायची आणि डोकं बादलीत घालून शंभर आकडे मोजायचे. पहिल्या दिवशी सात आले. दुसऱ्या दिवशी अकरा आले आणि ठसका लागला, तो इतका की शेजारच्यांनी भिंतीवर थापा मारून “डॉक्टरांना बोलवू का?” असं विचारलं. डॉक्टर आलेसुद्धा, तळमजल्यावरचे. त्यांनी दार वाजवून विचारलं, “टोपी आहे ना जागेवर?” साहेब मास्कसकट, उघड्याबंब अंगाने, कमरेला पंचा लावून बाहेर आले तेव्हा दारात सासूबाईही उभ्या होत्या. त्या जावयाकडे बघत लेकीला म्हणाल्या, “यांना कशाला पाठवतेस गं? तू एकटीच बघून ये की मासे.”

“हो ना,” बायको म्हणाली. साहेबांनी ते ऐकलं, पण कानांत पाणी होतं.

पाचव्या सहीसाठी ते बंदर कार्यालयात गेले. कारकुनाने फॉर्म हातात घेतला आणि चष्मा पुसला. साहेबांनी आयुष्यात प्रथमच खिडकीच्या या बाजूला उभं राहून निकालाची वाट बघितली. कारकून म्हणाला, “दाखल्यावर शिक्का आहे, पण तो तारखेवर पडलाय. तारीख वाचता येत नाही.” साहेब परत गेले. मग शिक्का सरळ झाला तर हमीदाराच्या सहीखाली नाव नव्हतं. पुन्हा परत गेले. या माणसाचा राग यावा की याला मिठी मारावी, हे साहेबांना कळेना. तिसऱ्या खेपेला सगळं बरोबर भरलं आणि कारकुनाने पेन उघडलं. पेन कागदावर टेकवलं. मग उचललं.

“वीस वर्षं बंदर कार्यालयात आहे, साहेब,” तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. “पण बोटीत कधी बसलो नाही.”

बोटीत दहा माणसं बसत. कारकून दहावा झाला.

शनिवारी साडेचारला धक्क्यावर जे दृश्य होतं त्याला खाजगी म्हणणं अवघड होतं. साडू गॉगल लावून, मेहुणी टोपी घालून, सासूबाई घडीची खुर्ची घेऊन, दंतवैद्य छोटी पेटी घेऊन, अध्यक्ष इतिवृत्ताची वही घेऊन, त्यांच्या सौभाग्यवती सँडविचचे तीन डबे घेऊन, मोठे साहेब कोट घालून, आणि कारकून सगळ्यांत पुढे. साहेबांच्या बगलेत फाइल होती. बायकोने निळी साडी नेसायचं ठरवलं होतं, महिनाभर आधीच ती इस्त्री करून ठेवली होती. पण ती आली प्रयोगशाळेत घालायच्या जुन्या पंजाबी ड्रेसमध्ये. साहेबांनी कारण विचारलं नाही.

बोटवाल्या बाई उन्हाने रापलेल्या, पन्नाशीच्या. त्यांनी धक्क्यावरची माणसं मोजली. “ताई, तुम्ही फोनवर दोघं म्हणाला होतात.”

“म्हणाले होते,” बायको म्हणाली आणि बोटीत जाऊन एका टोकाला बसली.

बोट निघाली. मोठे साहेब मोठे असल्यामुळे पुढे बोटीच्या नाकाशी बसले. सूर्य पश्चिमेला मावळणार हे अध्यक्षांनी जाहीर करताच सगळे एकदम पश्चिमेच्या बाजूला सरकले, बोट कलली आणि सँडविचचा एक डबा समुद्रार्पण झाला. “जागेवर बसा!” बोटवाल्या बाई ओरडल्या. अध्यक्षांनी याची नोंद घेतली. लाटा लागायला लागल्या तसा साडू, एकमेव अधिकृत पोहणारा इसम, हळूहळू हिरवा पडत गेला आणि शेवटी सासूबाईंच्या खुर्चीखाली आडवा झाला. तिथून तो बारीक आवाजात म्हणाला की तो पोहतो ते क्लबच्या तलावात पोहतो, आणि तेही जिथे पाय टेकतात तिथे.

खडकापाशी बोट थांबली. पाणी इतकं नितळ की खालची वाळू दिसत होती. बोटवाल्या बाईंनी लाइफ जॅकेटं काढली आणि दोरीला बांधलेलं रबरी कडं पाण्यात सोडलं. “चला, कोण उतरतंय?”

“थांबा,” साहेब म्हणाले आणि त्यांनी अदबीने फाइल पुढे केली. “आधी हे बघून घ्या. सगळं पूर्ण आहे.”

बाईंनी हात पुसून कागद घेतला. वरचा खाल्लेला भाग बघितला, रकाने बघितले, आणि मग त्या मोठ्याने हसल्या. “अहो, असला फॉर्म माझ्या वडिलांनी भरला होता! हा खलाशी भरतीचा फॉर्म आहे. मोठ्या जहाजांवर माणसं घ्यायचे ना, त्याचा.”

सगळ्यांनी कारकुनाकडे बघितलं. कारकून सँडविच खात होता. “नौकाविहाराचा फॉर्म नसतोच,” तो म्हणाला. “पण साहेब इतक्या आशेने आले होते. नाही म्हणवेना. तेवढेच शिल्लक होते.” मग कर्तव्य आठवून तो म्हणाला, “तसे कागद पूर्ण आहेत. हे आता खलाशी म्हणून पात्र आहेत.”

“म्हणजे मी यांना खलाशी व्हायला ना-हरकत दिली?” मोठे साहेब बोटीच्या नाकावरून म्हणाले.

साहेबांना बोट फिरतेय की आपण, ते कळेना. ज्या माणसाने कागदाच्या समासाचीसुद्धा गय केली नाही, त्याने शीर्षक नसलेला कागद महिनाभर उराशी धरून पाच दारं पुजली होती. कोणीतरी फिदीफिदी हसलं. बहुधा खुर्चीखालून.

“पण पूर्ण कुठे आहे?” बोटवाल्या बाईंनी चौथं पान उलटलं. “हा शेवटचा रकाना. घरचा माणूस समुद्रावर जातो म्हणून बायकोची सही लागायची. माझ्या आईने केली होती. इथे हे काय लिहिलंय?”

बायको उठली. तिने कागद हातात घेतला आणि वाचला, मोठ्याने. “पत्नीची संमती. लागू नाही.”



“तू सोबतच असणार म्हणून...” साहेब म्हणाले.

“साडूला विचारलंत. दातांच्या डॉक्टरांना विचारलंत. सोसायटीला, साहेबांना, या बंदरवाल्या भाऊंना विचारलंत. पाच जणांना विचारलंत, की मी माझ्या बायकोबरोबर जाऊ का.” तिचा आवाज चढला नव्हता. कुजबुजत भांडायची पंचवीस वर्षांची सवय होती, पण आज सगळ्यांना ऐकू जात होतं. “मी एकच गोष्ट मागितली होती, अहो. ती तुम्ही ऐकलीतसुद्धा. आणि मग मलाच लागू नाही केलंत.”

तिने साहेबांच्या खिशातलं लाल पेन काढलं. फॉर्मच्या कोपऱ्यात पाच शब्द लिहिले, कागद त्यांच्या हातात दिला, जॅकेटचे पट्टे आवळले, मास्क चढवला, आणि कोणाकडेही न बघता कडं धरून पाण्यात उतरली.

साहेबांनी वाचलं. ‘त्रुटीपूर्तता करून पुन्हा सादर करावे.’ अक्षर त्यांच्याइतकं चांगलं नव्हतं.

सत्तावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी हजारदा लिहिलं असेल, पण त्यांच्या हातात ते पहिल्यांदाच आलं होतं. वाचणाऱ्याला काय वाटतं ते त्यांना त्या दिवशी कळलं, आणि त्यांना फार लाज वाटली. त्यांनी फाइल बाकावर ठेवली आणि जॅकेट चढवलं.

“एक मिनिट!” अध्यक्ष म्हणाले. “सभासद पाण्यात उतरतोय, हा विषय आधी...”

“टोपी!” दंतवैद्य ओरडले.

“रिकाम्या पोटी की भरल्या?” अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी विचारलं.

साहेबांनी कोणाचीच परवानगी घेतली नाही. मास्क लावला, नळी धरली, डोळे मिटले आणि पडले. उतरले म्हणणं धाडसाचं होईल, ते पडलेच. पाणी नाकाशी आलं, कानांत शिरलं, पाय खाली वाळू शोधू लागले आणि सापडेना. बादलीला तळ होता. इथे नव्हता. बुडालो, असं त्यांना स्वच्छ वाटलं. तेवढ्यात कोणीतरी त्यांचं मनगट धरून रबरी कड्यावर ठेवलं. हात ओळखीचा होता. बरण्या पुसून त्याची कातडी खरखरीत झालेली होती.

त्यांनी डोकं पाण्यात घातलं आणि डोळे उघडले.

आवाजच बंद झाले. वर इतका वेळ सुरू असलेला गोंधळ कुठच्या कुठे गेला. ऐकू येत होता तो फक्त त्यांचा स्वतःचा श्वास, आणि जरा बाजूला तिचा. खाली खडकाच्या कपारीतून पिवळे मासे ये-जा करत होते, अंगावर काळे पट्टे, कोणाची घाई नाही. एक अंगठ्याएवढा मासा वर आला, साहेबांच्या काचेसमोर थांबला आणि वळला. तो वळला म्हणून तिने साहेबांचा दंड इतका घट्ट दाबला की दुखलं. साहेबांनी हू की चू केलं नाही. पंचवीस वर्षांत प्रथमच त्या दोघांना तिसऱ्या माणसाशिवायची जागा मिळाली होती, आणि तिथे बोलता येत नव्हतं. ते बरंच होतं. बोलता आलं असतं तर साहेब काहीतरी बोलले असते.

बऱ्याच वेळाने दोघांनी डोकी वर काढली. आकाश जांभळं झालं होतं.

“गेला की सूर्यास्त तुमचा!” अध्यक्ष बोटीवरून ओरडले. “आम्ही सगळ्यांनी बघितला!”

“साहेब,” कारकून फाइल हातात घेऊन वाकला, “पाण्यात उतरल्याची वेळ नोंदवायची राहिली. पेन देऊ?”

साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेव्हा पुढच्या दाताची टोपी जागेवर नसल्याचं त्यांच्या लक्षात आलं. ती कधीच वाळूत गेली होती. म्हणजे खाली कधीतरी ते हसले असणार. त्यांनी नळी परत तोंडात धरली, तिच्यात साचलेलं पाणी जोरात फुंकलं, आणि ते सगळं कारकुनाच्या हातातल्या फाइलवर पडलं. लाल शाई ओघळली. मग पाचही सह्या ओघळल्या. कारकून हताशपणे कागद झटकत राहिला.

साहेब बायकोकडे वळले. नळी काढून, दाताच्या फटीतून हवा जात असतानाच त्यांनी हळूच विचारलं, “झाली का पूर्तता?”

मास्कमागून तिने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं, समास, तारीख, सही, सगळं तपासावं तसं.

“नाही,” ती म्हणाली. “अजून बाकी आहे.”

आणि ती परत खाली वाकली. वरून अध्यक्ष, दंतवैद्य आणि मोठे साहेब एकाच वेळी काहीतरी सांगत होते. साहेबांनी नळी दातांत घट्ट धरली, डोकं पाण्यात घातलं आणि ते पुन्हा सादर झाले.